पीएचपीचे पान चालत नाही? आधी विनंती कुठे अडली ते शोधा

"काल चालत होते, आज नुसते पांढरे पान येते." "घरच्या कॉम्प्युटरवर सगळे ठीक, होस्टिंगवर चढवले की पाचशेची एरर." "ब्राउझरमध्ये माझा कोडच दिसतोय!" शाळेची, गृहनिर्माण संस्थेची, दिवाळी अंकाची किंवा छोट्या व्यवसायाची वेबसाइट स्वतः सांभाळणारे वाचक हे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात. त्यांच्या पत्रांत बहुधा आणखी एक वाक्य असते: "इंटरनेटवर सापडलेले सगळे उपाय करून पाहिले." गोंधळ वाढतो तो इथेच. चार सेटिंगे एकदम बदलली की मूळ बिघाड कोणता आणि आपण घातलेली भर कोणती, हे नंतर कळत नाही.

या लेखाचे सूत्र एकच आहे. ब्राउझरने मागितलेले पान कुठल्या टप्प्यावर अडले, हे आधी ठरवा. मग त्या टप्प्यावरचे एकच सेटिंग बदला आणि पुन्हा तपासा.

फाइलींची, सेटिंगांची आणि आज्ञांची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ती रोमन लिपीत, बहुतेक लहान अक्षरांत लिहा. 'डब्ल्यूपी_'ने सुरू होणारी वर्डप्रेसची सेटिंगे आणि 'स्क्रिप्ट_फाइलनेम' मात्र मोठ्या अक्षरांतच लिहावी लागतात.

विनंतीचा रस्ता: चार टप्पे

पीएचपीचा कोड एचटीएमएलच्या पानातच मिसळून लिहिता येतो. तो कोड चालवण्याचे काम ना ब्राउझर करतो, ना वेब सर्व्हर स्वतः करतो. रस्ता असा असतो:

1. ब्राउझर पान मागतो आणि मागणी सर्व्हरपर्यंत पोहोचते.
2. अपाचे किंवा इंजिनएक्स हा वेब सर्व्हर योग्य फोल्डर आणि फाइल शोधतो.
3. फाइल पीएचपीची असेल तर ती पीएचपीकडे सोपवतो. अपाचेत पीएचपी मॉड्यूल म्हणून आतच बसवलेले असू शकते, किंवा पीएचपी-एफपीएम ही वेगळी सेवा चालू असते. इंजिनएक्सकडे असे मॉड्यूल नाही, त्यामुळे तिथे बहुतेक ठिकाणी एफपीएमच असते.
4. पीएचपी कोड चालवते, गरज पडल्यास डेटाबेसला विचारते आणि तयार झालेले एचटीएमएल परत पाठवते.

कोड दिसला तर गाडी तिसऱ्या टप्प्यावर अडली आहे. ४०३ किंवा ४०४ आले तर बहुधा दुसऱ्यावर. ५०२ आले तर दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या सांध्यावर. पांढरे पान आले तर बहुधा चौथ्यावर.

काहीही बदलण्याआधी

1. जी सेटिंगची फाइल उघडणार, तिची प्रत काढा. प्रत वेबसाइटच्या फोल्डरबाहेर ठेवा. त्याचे कारण शेवटच्या भागात आहे.
2. काय बदलले ते आठवा. नवे प्लगइन, पीएचपीची नवी आवृत्ती, होस्टिंग बदलणे, ऑपरेटिंग सिस्टिमचे अपग्रेड, भरलेली डिस्क. 'आपोआप बिघडले' असे वाटते तेव्हा बरेचदा आपोआप झालेले अपडेट कारणीभूत असते.
3. एरर लॉगचा शेवट वाचा. उबुंटू-डेबियनवर तो 'व्हार/लॉग' फोल्डरात 'अपाचे२' किंवा 'इंजिनएक्स' या नावाखाली असतो. रेड हॅट, अल्मा, रॉकी यांच्यावर अपाचेचा लॉग 'एचटीटीपीडी' फोल्डरात असतो. सीपॅनेल असेल तर पान ज्या फोल्डरात आहे तिथे 'एरर_लॉग' नावाची फाइल दिसते का पाहा. झॅम्पमध्ये अपाचेच्या 'लॉग्ज' फोल्डरात तो मिळेल. पान एकदा ताजे करा आणि त्याच क्षणी नव्याने आलेली ओळ वाचा. जुन्या ओळींच्या मागे लागू नका.
4. दोन चाचणी फाइली ठेवा. एकीत साधे एचटीएमएलचे वाक्य आणि दुसरीत फक्त 'पीएचपीइन्फो'ची एक ओळ.

या दोन फाइलींवरून निम्मा निकाल लागतो:

- दोन्ही उघडत नाहीत: वेब सर्व्हर, फोल्डर, परवानग्या किंवा डोमेनचा प्रश्न. पीएचपीला हात लावू नका.
- एचटीएमएल उघडते, दुसरी नाही: सर्व्हर आणि पीएचपी यांची जोडणी तुटली आहे.
- दोन्ही उघडतात: जोडणी ठीक आहे, दोष तुमच्या कोडात, डेटाबेसमध्ये किंवा पीएचपीच्या मर्यादांत आहे.

पीएचपीइन्फोच्या पानावर दोन ओळी नक्की पाहा. 'सर्व्हर एपीआय' ही ओळ पीएचपी मॉड्यूल म्हणून चालते की एफपीएममधून, ते सांगते. 'लोडेड कॉन्फिगरेशन फाइल' ही ओळ कोणती 'पीएचपी.आयएनआय' खरोखर वाचली जाते, ते सांगते. काम झाले की ही चाचणी फाइल पुसून टाका. सर्व्हरची आतली माहिती ती कोणालाही दाखवते.

कोड दिसतो किंवा फाइल डाउनलोड होते

याचा अर्थ वेब सर्व्हरने फाइल पीएचपीकडे सोपवलीच नाही. साध्या मजकुरासारखी जशीच्या तशी पाठवून दिली.

- घरी विंडोजवर फाइल डबल-क्लिक करून उघडलीत का? मग सर्व्हर मध्ये आलाच नाही. झॅम्पमध्ये फाइल 'एचटीडॉक्स' फोल्डरात ठेवा आणि ब्राउझरच्या पट्टीत 'लोकलहोस्ट'पासून सुरू होणारा पत्ता टाका. झॅम्पचे अपाचे सुरूच होत नसेल तर ८० क्रमांकाचे पोर्ट दुसऱ्या कार्यक्रमाने अडवले आहे का पाहा. विंडोजचा स्वतःचा आयआयएस सर्व्हर हा नेहमीचा संशयित.
- अपाचेवर सिस्टिम अपग्रेडनंतर हे सुरू झाले असेल, तर जुन्या आवृत्तीचे मॉड्यूल गेले आणि नवे सुरू झाले नाही, असे बहुधा घडलेले असते. उबुंटूवर 'ए२एनमॉड' आज्ञेने मॉड्यूल आणि 'ए२एनकॉन्फ' आज्ञेने एफपीएमची जोडणी सुरू करता येते.
- इंजिनएक्सच्या मूळ सेटिंग फाइलीत पीएचपीचा भाग बहुधा टिप्पणी म्हणून बंद ठेवलेला असतो. तो उघडावा लागतो.
- पान उघडते, पण मधलेच काही तुकडे कोडासारखे दिसतात किंवा 'सोर्स पाहा' केल्यावर कोड सापडतो? मग कोडाची सुरुवात '<?' अशा आखूड खुणेने झाली असेल. ही खूण चालणे-न चालणे सर्व्हरच्या 'शॉर्ट_ओपन_टॅग' सेटिंगवर अवलंबून असते. कोडात सगळीकडे पूर्ण '<?पीएचपी' खूण वापरा. छापण्यासाठीची '<?=' ही खूण पीएचपी ५.४ पासून नेहमी चालते.

दुरुस्तीनंतरही तोच कोड दिसला तर ब्राउझरचा साठवलेला जुना अंश पुसून, खासगी खिडकीत पुन्हा पाहा.

सावधान: थोडा वेळ जरी कोड जगाला दिसला असेल, तरी त्यातला डेटाबेसचा पासवर्ड फुटला असे समजा. दुरुस्तीबरोबरच तो बदला. ई-मेल किंवा पेमेंट सेवेच्या गुप्त किल्ल्या त्या फाइलीत असतील तर त्याही बदला.

पांढरे पान

चालू वेबसाइटवर चुका पडद्यावर न दाखवण्याचे सेटिंग असते आणि ते योग्यच आहे. त्यामुळे पीएचपी मध्येच थांबले की वाचकाला कोरे पान दिसते.

- 'डिस्प्ले_एरर्स' बंदच ठेवा. 'लॉग_एरर्स' चालू करा. चूक लॉगमध्ये फाइलीच्या नावासह आणि ओळ क्रमांकासह येईल.
- वर्डप्रेस असेल तर 'डब्ल्यूपी_डीबग' आणि 'डब्ल्यूपी_डीबग_लॉग' ही दोन्ही सेटिंगे तात्पुरती चालू करा, 'डब्ल्यूपी_डीबग_डिस्प्ले' बंद ठेवा. लॉग 'डब्ल्यूपी-कंटेंट' फोल्डरात तयार होतो आणि तो बाहेरच्यांनाही उघडता येऊ शकतो. म्हणून काम संपल्यावर पुसा.
- 'अनडिफाइन्ड फंक्शन' असा उल्लेख आला तर बहुधा एखादे एक्स्टेन्शन बसवलेले नाही. फंक्शनचे नाव 'एमबी'ने सुरू होत असेल तर एमबीस्ट्रिंग, 'मायएसक्यूएलआय'ने होत असेल तर त्याच नावाचे एक्स्टेन्शन.
- 'मेमरी साइझ एक्झॉस्टेड' आले तर मेमरीची मर्यादा कमी पडली. तयार मूल्य १२८ एमबी असते. ते वाढवण्याआधी कोणत्या प्लगइनने इतकी मेमरी खाल्ली ते पाहा.
- इंजिनएक्सवर लॉगमध्ये काहीच नाही आणि पान मात्र कोरे? मग 'स्क्रिप्ट_फाइलनेम' हा निरोप पीएचपीपर्यंत जातच नसेल. 'फास्टसीजीआय_पॅरम्स' या फाइलीत ही ओळ नसू शकते, ती जोडा.

५०२, ५०३ आणि ५०४

एफपीएम बंद असेल किंवा सापडत नसेल तर इंजिनएक्स ५०२ दाखवतो आणि अपाचे बहुधा ५०३. इंजिनएक्सच्या लॉगमध्ये कंसात एक आकडा येतो. तो वाचता आला की अर्धे काम झाले:

- २: सॉकेटची फाइल, म्हणजे वेब सर्व्हर आणि एफपीएम यांना जोडणारी फाइल, त्या जागी नाही. उबुंटू २२.०४ मध्ये पीएचपी ८.१ येते, २४.०४ मध्ये ८.३. सॉकेटच्या नावात आवृत्तीचा आकडा असतो. अपग्रेडनंतर सेटिंगमध्ये जुनाच आकडा राहिला की हा घोटाळा होतो.
- १३: फाइल आहे, पण वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याला ती उघडण्याची परवानगी नाही. एफपीएमच्या पूल फाइलीतील 'लिसन.ओनर', 'लिसन.ग्रुप' आणि 'लिसन.मोड' तपासा.
- १११: पत्ता आहे, पण तिथे ऐकणारे कोणी नाही. एफपीएम सुरू आहे का पाहा.

एफपीएम चालू आहे, पण गर्दीच्या वेळी साइट ढेपाळते? त्याच्या लॉगमध्ये 'मॅक्स_चिल्ड्रन'ची मर्यादा गाठल्याचा इशारा शोधा. उबुंटू-डेबियनवर ही मर्यादा सुरुवातीला ५ असते. ती डोळे मिटून ५० करू नका. पीएचपीसाठी मोकळी राहणारी मेमरी भागिले एका प्रक्रियेला लागणारी मेमरी, असा हिशेब करा. १ जीबी मोकळी असेल आणि एक प्रक्रिया ५० एमबी घेत असेल, तर २० च्या वर जाऊ नका. मेमरी संपली तर लिनक्स एखादी मोठी प्रक्रिया मारून टाकते, आणि ती बरेचदा डेटाबेसची असते.

५०४ म्हणजे पीएचपीने वेळेत उत्तर दिले नाही. इंजिनएक्स साधारणपणे ६० सेकंद वाट पाहतो. पीएचपीची स्वतःची मर्यादा ३० सेकंदांची असली तरी लिनक्सवर तिच्यात डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्याचा वेळ धरला जात नाही. म्हणून ५०४ आल्यावर मर्यादा वाढवत बसण्यापेक्षा कोणती क्वेरी रेंगाळते ते शोधणे अधिक उपयोगाचे.

५००: संशय आधी 'एचटीअ‍ॅक्सेस'वर

अपाचेवर '.एचटीअ‍ॅक्सेस' फाइलीत एखादी ओळ चुकली तरी संपूर्ण फोल्डर ५०० दाखवू लागतो. फाइलीचे नाव तात्पुरते बदलून पाहा. पान उघडले तर गुन्हेगार सापडला.

होस्टिंग बदलल्यावर नेहमी सापडणारे कारण असे: जुन्या ठिकाणी पीएचपी मॉड्यूल म्हणून चालत होते, म्हणून 'पीएचपी_व्हॅल्यू' किंवा 'पीएचपी_फ्लॅग'च्या ओळी या फाइलीत चालून जात. नव्या ठिकाणी एफपीएम आहे. तिथे अपाचेला या ओळी कळत नाहीत आणि तो थेट ५०० देतो. त्या ओळी काढा आणि तीच मूल्ये '.यूजर.आयएनआय' या फाइलीत लिहा. ही फाइल पुन्हा वाचली जायला ३०० सेकंद लागू शकतात. बदल केल्यावर पाच मिनिटे थांबा. लगेच फरक दिसला नाही म्हणून दुसरा बदल करू नका.

४०३, ४०४ आणि 'फक्त मुखपृष्ठ उघडते'

- मुखपृष्ठ उघडते, आतली पाने ४०४: वर्डप्रेसमधली ही सर्रास आढळणारी तक्रार. अपाचेच्या २.४ आवृत्तीत 'अलाउओव्हरराइड' मुळात 'नन' असते, म्हणजे '.एचटीअ‍ॅक्सेस' वाचलीच जात नाही. त्या फोल्डरापुरते ते 'ऑल' करा आणि 'रीराइट' मॉड्यूल सुरू करा. इंजिनएक्स ही फाइल कधीच वाचत नाही. तिथे 'ट्राय_फाइल्स'च्या ओळीत शेवटचा पर्याय म्हणून 'इंडेक्स.पीएचपी' द्यावा लागतो.
- ४०३: फोल्डरांना ७५५ आणि फाइलींना ६४४ या परवानग्या बहुतेक ठिकाणी पुरतात. फक्त शेवटचा फोल्डर पाहू नका. वरच्या प्रत्येक फोल्डरात शिरण्याची परवानगी सर्व्हरला लागते. उबुंटूवर २१.०४ पासून नव्या होम फोल्डरला ७५० ही परवानगी असते, त्यामुळे होममध्ये ठेवलेली साइट सर्व्हरला दिसत नाही.
- परवानग्या बरोबर, तरी ४०३: रेड हॅट, अल्मा, रॉकी यांवर एसई-लिनक्स हा वेगळा पहारा असतो. होममधून हलवून आणलेल्या फाइलींवर जुने लेबल राहते. 'रीस्टोरकॉन' आज्ञेने ते दुरुस्त होते. पहारा कायमचा बंद करणे हा उपाय नव्हे.
- घरी चालते, होस्टिंगवर ४०४: विंडोजला लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. नाव एकीकडे मोठ्या अक्षराने आणि दुसरीकडे लहान अक्षराने लिहिले असेल तर फाइल सापडणार नाही.
- पानावर फक्त 'फाइल नॉट फाउंड' एवढेच शब्द, लॉगमध्ये 'प्रायमरी स्क्रिप्ट अननोन': इंजिनएक्सने पीएचपीला चुकीचा मार्ग कळवला आहे, किंवा एफपीएमच्या वापरकर्त्याला त्या फोल्डरात शिरता येत नाही. 'रूट'ची ओळ तपासा.

सेटिंग बदलले, पण फरकच पडत नाही

ही तीन कारणे क्रमाने तपासा:

1. चुकीची 'पीएचपी.आयएनआय' बदलली. उबुंटूवर कमांड लाइनसाठी एक, एफपीएमसाठी दुसरी आणि अपाचेसाठी तिसरी अशा वेगळ्या फाइली असतात. टर्मिनलवर विचारले तर फक्त पहिलीचा पत्ता मिळतो. खरा पत्ता पीएचपीइन्फोच्या पानावर.
2. चुकीची सेवा रीस्टार्ट केली. एफपीएम वापरत असाल तर 'पीएचपी.आयएनआय' बदलल्यावर एफपीएम रीस्टार्ट करावे लागते. इंजिनएक्स कितीही वेळा केले तरी उपयोग नाही.
3. जुना कोड ऑपकॅशमध्ये साठलेला आहे. फाइलींच्या तारखा तपासणे सर्व्हरवर बंद ठेवले असेल, तर एफपीएम रीलोड होईपर्यंत जुनाच कोड चालतो.

रीस्टार्ट करण्याआधी सेटिंगची भाषा तपासून घ्या. अपाचेसाठी 'अपाचेसीटीएल कॉन्फिगटेस्ट', इंजिनएक्ससाठी 'इंजिनएक्स -टी'. चूक असेल तर ओळ क्रमांक मिळतो. ही तपासणी न करता अपाचे रीस्टार्ट केले आणि एक कंस राहिला असेल, तर त्या सर्व्हरवरच्या सगळ्याच साइट बंद पडतात.

फोटो चढत नाही, फॉर्म अर्धाच पोहोचतो

एका अपलोडवर अनेक मर्यादा असतात आणि सर्वांत लहान मर्यादा जिंकते. मूळ मूल्ये अशी:

- 'अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ': २ एमबी
- 'पोस्ट_मॅक्स_साइझ': ८ एमबी
- इंजिनएक्सचे 'क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ': १ एमबी
- 'मॅक्स_इनपुट_व्हार्स': १०००

४१३ आले तर इंजिनएक्सने अडवले. पीएचपीला पत्ताही नाही. फॉर्म पाठवला आणि सगळेच रकाने रिकामे पोहोचले, तर 'पोस्ट_मॅक्स_साइझ' ओलांडली गेली. मोठ्या फॉर्मचे शेवटचे रकाने गायब झाले, उदाहरणार्थ संपूर्ण शाळेचे गुण एकाच पानावर भरताना, तर हजाराची मर्यादा आड आली. 'पोस्ट'ची मर्यादा नेहमी 'अपलोड'पेक्षा मोठी ठेवा.

मराठी मजकूर बिघडतो, वेळ चुकते

मराठी साइट चालवणाऱ्यांनी हे लक्षण नीट ओळखावे, कारण त्यावर माहिती वाचणार की जाणार हे ठरते.

- नुसती प्रश्नचिन्हे दिसतात: डेटाबेसची जोडणी किंवा तक्ता लॅटिन-१ मध्ये आहे. साठवतानाच प्रश्नचिन्हे पडली असतील तर मूळ अक्षरे गेली. बॅकअपशिवाय ती परत येत नाहीत. हे दिसताच नवी माहिती भरणे थांबवा.
- टोप्या-टिंबे असलेल्या विचित्र रोमन अक्षरांची रांग दिसते: माहिती बरेचदा शाबूत असते, फक्त चुकीच्या संकेतात वाचली जाते. घाईने तक्ता बदलू नका. आधी प्रत काढा, मग जोडणीचा संकेत दुरुस्त करून पाहा.
- मराठी ठीक, पण इमोजी टाकला की मजकूर तुटतो किंवा चूक येते: मायएसक्यूएलच्या जुन्या 'यूटीएफ८'मध्ये एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट मिळतात. देवनागरीला तेवढे पुरतात, इमोजीला चार लागतात. जोडणी आणि तक्ते दोन्हीकडे 'यूटीएफ८एमबी४' वापरा.
- 'हेडर्स ऑलरेडी सेंट': '<?पीएचपी'च्या आधी रिकामी ओळ आहे, किंवा नोटपॅडने फाइलीच्या सुरुवातीला बीओएम नावाची अदृश्य खूण घातली आहे. कोणत्या फाइलीच्या कोणत्या ओळीवरून मजकूर निघाला, ते याच संदेशात असते. फाइल 'बीओएमशिवाय यूटीएफ-८' अशी जतन करा.
- वेळ साडेपाच तास मागे: पीएचपीचे घड्याळ सेटिंग दिले नाही तर यूटीसीवर चालते. 'डेट.टाइमझोन' मध्ये 'एशिया/कोलकाता' लिहा.

आवृत्ती: थांबायचे की पुढे जायचे?

पीएचपी ७.४ ची सुरक्षा-दुरुस्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली, ८.० ची नोव्हेंबर २०२३ मध्ये. त्यावर साइट ठेवणे म्हणजे माहीत असलेली भोके उघडी ठेवणे. दुसऱ्या बाजूने, जुना कोड थेट नव्या आवृत्तीवर टाकला तर तो मोडू शकतो. 'मायएसक्यूएल_' या उपसर्गाची जुनी फंक्शने पीएचपी ७.० मध्येच काढून टाकली गेली.

- साइटची प्रत उपडोमेनवर उभी करा आणि तिथे आवृत्ती बदला.
- आधी वर्डप्रेस, थीम आणि प्लगइन अद्ययावत करा, मग पीएचपी.
- लॉगमधले 'डेप्रिकेटेड' इशारे वाचा. पुढच्या आवृत्तीत काय मोडेल ते त्यांत असते.
- अडलेच तर सीपॅनेलमधील 'मल्टीपीएचपी मॅनेजर'सारख्या सोयीने तेवढ्या साइटपुरते तात्पुरते मागे या, पण परतण्याची तारीख ठरवून.

शेअर्ड होस्टिंग असेल तर कंपनीला काय लिहाल?

सर्व्हर तुमच्या हातात नसेल तर वरचे निम्मे उपाय तुम्हाला करता येणार नाहीत. ते करून घ्यावे लागतील. 'साइट बंद आहे, लवकर बघा' एवढेच लिहिले तर उलट प्रश्न येतात आणि दिवस जातो. तक्रारीत हे द्या:

- पानाचा पूर्ण पत्ता आणि दिसलेला क्रमांक किंवा संदेश
- बिघाडाची तारीख आणि वेळ
- त्याआधी तुम्ही केलेला शेवटचा बदल
- एचटीएमएल आणि पीएचपी चाचणी फाइलींचा निकाल
- एरर लॉगची संबंधित ओळ

पासवर्ड मात्र तक्रारीत लिहू नका.

तुमचे हक्क

- डोमेन: ते तुमच्या नावावर नोंदले आहे का, हे आजच पाहा. वेबसाइट करून देणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतले असेल तर बदलून घ्या. डॉट-कॉमसारखे डोमेन दुसरीकडे नेण्यासाठी लागणारा संकेत मागितल्यावर नोंदणी कंपनीने तो पाच दिवसांत द्यावा, असा डोमेनांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेचा नियम आहे. नव्या नोंदणीनंतरचे पहिले ६० दिवस मात्र स्थलांतर अडवले जाऊ शकते.
- सेवेतील त्रुटी: पैसे घेऊन कबूल केलेली सेवा दिली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होऊ शकतो. निव्वळ व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा यात बसत नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यांसाठी कायद्यात सवलत आहे. आधी कंपनीला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. करार, पावत्या आणि ई-मेल जपून ठेवा.
- बॅकअप: 'रोज बॅकअप घेतो' असे जाहिरातीत असले तरी कराराच्या अटींत जबाबदारी ग्राहकावर टाकलेली असू शकते. अटी वाचा आणि स्वतःची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा. प्रतीत फाइली आणि डेटाबेस दोन्ही हवेत.

हे करू नका

- परवानगी ७७७ करू नका. अडचण सुटल्यासारखी वाटते आणि त्या सर्व्हरवरच्या प्रत्येक वापरकर्त्याला तुमच्या फाइली बदलण्याची मोकळीक मिळते.
- सेटिंगच्या फाइलीची '.बॅक' किंवा '.ओल्ड' अशी प्रत साइटच्या फोल्डरात ठेवू नका. शेवट '.पीएचपी' नसल्याने सर्व्हर ती साधा मजकूर म्हणून वाढतो, पासवर्डसकट.
- '.ईएनव्ही' फाइल आणि '.गिट' फोल्डर बाहेरून उघडत नाहीत ना, हे स्वतः ब्राउझरमध्ये टाकून पाहा.
- लोकांनी फोटो चढवायच्या फोल्डरात पीएचपी चालू देऊ नका.
- चालू साइटवर चुका पडद्यावर दाखवू नका. त्यांतून फोल्डरांचे मार्ग आणि कधीकधी डेटाबेसचा तपशील उघडा पडतो.

बिघाड दुरुस्त झाला की दोन ओळींची नोंद करून ठेवा: लक्षण काय होते आणि कोणते सेटिंग बदलल्यावर ते गेले. आणि साइट आज व्यवस्थित चालत असेल तर आजच एरर लॉग कुठे आहे ते शोधा, डोमेन कोणाच्या नावावर आहे ते तपासा आणि एक बॅकअप चाचणीच्या जागी उतरवून तो खरोखर उघडतो का ते पाहा.